वाजवणाऱ्याचे नाव

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला आणि एका गोंयकार व्हायोलिनवादकाचे नाव शाळकरी पोरांच्या तोंडी बसले. ईस्टरच्या नाचगाण्यात अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतात आणि आपले नाव सांगतात: अँथनी गोन्साल्विस. पडद्यावरचा अँथनी काल्पनिक होता, नाव मात्र खऱ्या माणसाचे होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल लहानपणी ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, त्या गुरूला त्यांनी दिलेली ती मानवंदना होती. गाणे तुफान गाजले. लग्नाच्या वरातींत वाजले, गणपतीच्या मिरवणुकांत वाजले. ज्यांचे ते नाव, ते मूळ दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचे. शेकडो वाद्यांच्या ओळी कागदावर लिहून काढू शकणारे अरेंजर आणि रागदारीला सिंफनीच्या मांडवात बसवू पाहणारे संगीतकार. नाचणाऱ्या गर्दीला यातले काही ठाऊक नव्हते आणि ते सांगण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

कसबी वादक आणि रंजन करणारा कलावंत यांच्यातले जुने त्रांगडे या एका गाण्यात दिसते. उत्तम वाजवता येणे ही एक गोष्ट आणि त्यावर घर चालवणे ही दुसरी. पहिलीसाठी बालपण खर्ची पडते. दुसरीसाठी समोर बसलेल्या माणसाला काय हवे आहे हे ओळखावे लागते. दोन्ही एकाच माणसात नांदतात तेव्हा तो सुखाने जगतो. नांदल्या नाहीत, की कोणी वाजवतो आणि कोणी दिसतो, आणि पैशाचा मोठा वाटा दिसणाऱ्याकडे जातो. मुंबईतल्या गोंयकार वादकांची गोष्ट म्हणूनच सांगण्यासारखी आहे. चर्च, हॉटेल, सिनेमा आणि कोंकणी तियात्र अशा चार निरनिराळ्या मालकांकडे या माणसांनी एकच विद्या विकली. प्रत्येक मालकाने तिचे वेगळे मोल केले.

पाच रेघांची शाळा

विद्या आली चर्चमधून. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या आणि त्यांत अक्षरांबरोबर संगीत शिकवले जाई. पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचायचे, ते गळ्यातून काढायचे, मग हातात व्हायोलिन घ्यायचे. हेतू साधा होता: रविवारच्या मिस्सेला आणि गावच्या फेस्ताला गाणारे-वाजवणारे तयार हवेत. शेतकऱ्याचा, मच्छीमाराचा, पदेराचा म्हणजे पाववाल्याचा मुलगा युरोपातल्या कोणत्याही वादकाप्रमाणे समोरचा कागद पाहून पहिल्या फटक्यात वाजवू लागला. ब्रिटिश हिंदुस्थानात ही गोष्ट दुर्मीळ होती. आपल्या घराण्यांची विद्या कानातून आणि स्मरणातून चालत आलेली. तिथे मोठा ठेवा होता, पण पन्नास माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट वाजवायला लावण्याची सोय नव्हती.

गोव्यात मात्र या विद्येला गिऱ्हाईक थोडे होते. चर्चमधली सेवा, लग्ने, फेस्ते एवढ्यावर संसार चालेना. त्यामुळे वाजवणारा गडी मुंबईला निघाला. सोबतीला आचारी, खलाशी, शिंपी होतेच. धोबीतलाव भागात गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली ही वसतिस्थाने. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, एका कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि रात्री जमिनीवर पथारी. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत अशा क्लबांची वस्ती होती. मुंबईच्या संगीताचा एक मोठा हिस्सा या ट्रंकांतून शहरात आला.

पहिली मोठी नोकरी मूकपटांनी दिली. पडद्यावर चित्र हले आणि खाली बसून वादक संगीत पुरवत. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलू-गाऊ लागला आणि थिएटरातल्या वादकांची गरज संपत गेली. यंत्राने वादकाची खुर्ची काढून घेण्याची ही पहिली वेळ होती. पुढे ती पुन्हा येणार होती.

डान्स फ्लोअरची परीक्षा

दुसरा मालक म्हणजे हॉटेल. १९३५ साली अमेरिकी व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा जाझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. त्याच्यामागोमाग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, आणि त्याच्या बँडमध्ये गोंयकारांनाही जागा मिळाली. चर्चच्या शाळेत घडलेल्या या मुलांना इथे पहिला धक्का बसला. कागदावर लिहिलेले ते अचूक वाजवत. पण जाझमधली झुलती लय कागदावर उतरत नाही, आणि सोलोची पाळी आली की समोरचा कागद कोराच असतो. तिथे स्वतःचे काही सांगावे लागते. कुडचड्याचे ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक या नव्या शाळेत पुन्हा विद्यार्थी झाले.

हॉटेलने आणखीही एक धडा दिला. तिथे ऐकणारा ऐकायला आलेला नसतो. तो जेवायला, नाचायला, मिरवायला आलेला असतो. कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे घ्यायचे, जोडपी दमली की लय कधी उतरवायची, फ्लोअर रिकामा होऊ लागला की कोणती धून काढायची, कोणत्या टेबलाकडे पाहून हसायचे, हे सगळे पोट भरण्याच्या विद्येत मोडत होते. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे सगळ्यांचे चिक चॉकलेट, या विद्येत पारंगत होते. लुई आर्मस्ट्राँगला त्यांनी आदर्श मानले. ट्रंपेट तसे, गाणे तसे, रंगमंचावरचे वावरणेही तसे. लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत.

चिक चॉकलेट यांना ‘नक्कल करणारा’ म्हणून हिणवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. ज्याच्या ट्रंपेटमध्ये दम नाही, त्याने कितीही हातवारे केले तरी ताजसारख्या हॉटेलात तो टिकला नसता. त्यांचा दिखाऊपणा कसबावर उभा होता. समोरचा माणूस खुश करण्याची हातोटी ही वेगळी, शिकून येणारी, मेहनतीची गोष्ट आहे हे त्यांनी ओळखले होते. १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे संगीत, भगवान पालव यांचे दिग्दर्शन आणि नाच, आणि गोव्याचे ट्रंपेट. गिरणगावातल्या प्रेक्षकाला जाझ हा शब्द माहीत नसेल, पण पाय कसे हलवायचे हे त्याला या तिघांनी शिकवले.

स्टुडिओची सोय आणि किंमत

चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस हॉटेलांचा हा रंग उतरू लागला. गोरे साहेब गेले, संस्थानिकांचे खर्च आवरले गेले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या जगाचे कंबरडे मोडले. दारू नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तर बँडला पगार कुठला? त्याच वेळी हिंदी चित्रपटांची गाणी मोठी होत होती. संगीतकारांना भरगच्च व्हायोलिने हवी होती, ट्रंपेट, सॅक्सोफोन, अ‍ॅकॉर्डियन हवे होते. वादक ताडदेव, महालक्ष्मी, वांद्र्याच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंकडे वळले. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसूझा मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले.

अरेंजर काय करतो, हे आजही पुष्कळ रसिकांना ठाऊक नसते. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधतो. ती चाल गाण्याचा प्राण असते, यात वाद नाही. पण मुखड्यापूर्वी काय वाजेल, दोन अंतऱ्यांमधले म्युझिक कोणत्या वाद्यावर जाईल, गायिका वरच्या पट्टीत असताना व्हायोलिनांचा ताफा खाली कोणते स्वर धरून राहील, गळ्याच्या ओळीमागून चेलो कुठून वाट काढेल, हे कोणीतरी ठरवावे लागते आणि प्रत्येक वादकासाठी वेगळ्या कागदावर लिहावे लागते. सकाळी वादक येत, कागद स्टँडवर लावत, रिहर्सल होई आणि मग सगळे एकत्र, एका टेकमध्ये. शेवटच्या ओळीत कोणाचा गज घसरला तर गायकासह सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. इतक्या ताणाखाली आधी कधीही न पाहिलेला कागद बिनचूक वाजवणे हेच त्या माणसांचे रोजचे काम होते.

हे काम एकट्या चर्चमध्ये शिकलेल्या गोंयकारांचे नव्हते. तालाच्या बाजूला दत्ताराम वाडकर होते, ज्यांचा ठेका पुढे ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला गेला. पारशी कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी होते, कलकत्त्याहून आलेले सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग होते. सतारिये, सारंगिये, बासरीवाले होते. ज्याला कागद वाचता येई तो कागदावर, ज्याला येत नसे तो कानावर, आणि दोघे मिळून ते गाणे जे आपण आजही गुणगुणतो.

स्टुडिओने वादकाला हॉटेलपेक्षा मोठी सवलत दिली. इथे हसावे लागत नव्हते. टेबलांकडे पाहून मान तुकवावी लागत नव्हती. फक्त वाजवायचे, सिटिंगचे पैसे घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओकडे धावायचे. कसबी माणसाला याहून सुखाची नोकरी कोणती? सुखाचा मोबदला मात्र नावाने चुकवावा लागला. तबकडीवर गायकाचे नाव आले, संगीतकाराचे आले, गीतकाराचे आले. ज्यांनी त्या गाण्याचा अर्धा देह घडवला त्या अरेंजरचे आणि वादकांचे आले नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत एखाद्या अरेंजरला ‘सहायक’ म्हणून ओळ मिळे, वादकांना तीही नाही. काम एकरकमी विकले जाई. गाणे पन्नास वर्षे वाजले तरी वाजवणाऱ्याचा त्याच्याशी हिशेब त्या दुपारीच संपलेला असे.

मराठी रंगभूमीचा दाखला

‘धंद्यात हे असेच चालते’ असे कोणी म्हणेल. ते खरे नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. मराठी संगीत रंगभूमी हाही तिकीटबारीवर चालणारा रंजनाचा धंदाच होता. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखे तबलानवाज आणि कादरबक्षांसारखे सारंगिये साथीला होते. थिरकवाँ तिथे अनेक वर्षे राहिले. मैफलीचा बादशहा नाटकात साथ करतो म्हणून त्यांची पत घसरली नाही. उलट एकीकडे बालगंधर्व आणि दुसरीकडे थिरकवाँ अशा दोन्ही ओढींनी प्रेक्षक येत. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, हे त्या काळच्या साध्या नाट्यवेड्या माणसालाही सांगता येई.

त्या कंपन्यांचे व्यवहार आदर्श होते असे मुळीच नाही. बालगंधर्वांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला, कित्येक मंडळ्या बुडाल्या. तरीही रंजनाच्या बाजारात कसबाला नाव राखता येते, एवढे त्यांनी निश्चित सिद्ध केले. वादक प्रेक्षकांना दिसत होता. प्रेक्षकांना दिसतो त्याचे नाव विचारले जाते आणि ज्याचे नाव विचारले जाते त्याला मालकाशी बोलताना आवाज असतो. स्टुडिओच्या काचेमागे गेलेल्या वादकाने हा आवाज गमावला.

दोन वाटा

या कोंडीतून बाहेर पडण्याचे दोन मोठे प्रयत्न गोंयकारांनीच केले.

पहिला अँथनी गोन्साल्विस यांचा. दुसऱ्याच्या चालींभोवती स्वर लिहीत राहण्यात त्यांचे मन रमेना. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना त्यांनी केल्या. व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी सारंग रागावर रचना लिहिली. १९५८ मध्ये त्यांनी स्टुडिओतल्या सहकाऱ्यांचा वाद्यवृंद उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात तो सादर केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. इतके मोठे गायक आणि इतके कसलेले वादक असूनही अशा संगीताला नियमित आश्रय मिळाला नाही. साठीच्या दशकात ते अमेरिकेला गेले, परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ मध्ये वारले. २००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हा त्यासाठी कझाकस्तानसारख्या देशांतून मोठ्या संख्येने वादक आणावे लागले. ज्या शहरात एके काळी रोज सकाळी डझनांनी व्हायोलिनवादक स्टुडिओकडे निघत, त्या शहराची ही स्थिती. वादकांना घडवणारी साखळी एकदा तुटली की ती पैशाने पटकन जोडता येत नाही.

दुसरा प्रयत्न मडगावच्या क्रिस पेरी यांचा. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे, स्वतः लिहिणारे, बँड बांधणारे पेरी हॉटेलांत आणि नाइटक्लबांत वाढले. त्यांनी जाझची ब्रास कोंकणी गाण्याला जोडली आणि लॉर्ना कोर्देरो यांच्या आवाजात ती उभी केली. मुंबईतल्या गोंयकाराने इंग्रजी धुनांवर नाचण्याऐवजी आपल्या भाषेवर नाचावे, ही साधी कल्पना होती. ती इतकी लागू पडली की चर्चगेटच्या क्लबमधली गाणी सालसेतच्या वाड्यावाड्यांत पोहोचली. लॉर्ना पुढे दीर्घकाळ गायच्या थांबल्या. नव्वदीच्या दशकात त्या पुन्हा रंगमंचावर आल्या तेव्हा लोक त्यांना विसरलेले नव्हते.

गोन्साल्विस यांच्याकडे विद्या होती, पेरींकडेही होती. पेरींकडे जास्तीचा होता एक ठरलेला श्रोता: तो कोण, कोणती भाषा बोलतो, शनिवारी रात्री त्याला काय हवे असते, हे त्यांना पक्के माहीत होते. गोन्साल्विस यांची रचना अधिक दूरचे पाहणारी होती, म्हणून तिला राजाश्रय किंवा संस्थेचा आधार हवा होता. तो मिळाला नाही यात दोष समाजाचा. पेरींची रचना स्वतःच्या पायांवर उभी राहू शकली. दोन्हींची गरज आहे. पण दुसऱ्या वाटेला आपण ‘हलकी’ म्हणतो, ही आपली चूक आहे.

यंत्र, कायदा आणि आजचा वादक

ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत सिंथेसायझर आला. आधी मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगने वादकांना एकमेकांपासून वेगळे केले. सगळ्यांनी एकत्र बसण्याची गरज उरली नाही. मग कीबोर्डवरचा एक माणूस व्हायोलिनांचा ताफा वाजवू लागला. १९३१ ची गोष्ट पुन्हा घडली. कित्येकांनी मुलांना या व्यवसायात आणलेच नाही.

कायदा उशिरा जागा झाला. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताचे, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचेही हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीची भाषा आली. गायकांची हक्कसंस्था २०१३ मध्ये नोंदली गेली. वादकही व्याख्येत आहेत. पण त्याच व्याख्येला २०१२ मध्ये एक परंतुक जोडले गेले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र उल्लेख होत नाही, त्याला, एका मर्यादित नैतिक हक्काचा अपवाद सोडता, कलावंत मानायचे नाही. स्टुडिओतला वादक त्यात बसतो की नाही, हे वकील ठरवतील. मला त्यामागचा विचार बोचतो. नाव न देण्याचा रिवाज धंद्याने पाडला, आणि आता नाव नसणे हीच हक्क नाकारण्याची एक अट झाली. इतकी वर्षे ‘नावाचे काय एवढे’ म्हणत आलेल्यांनी हे परंतुक एकदा वाचावे.

आजच्या गोव्यात वाजवून जगणाऱ्याला लग्ने आहेत, हॉटेले आहेत, क्रूझ जहाजे आहेत. पण लग्नात पाच जणांच्या बँडऐवजी लॅपटॉपवरच्या तयार ट्रॅकसह गाणारा एकटा माणूस स्वस्त पडतो. कसब आजही पैसे मिळवून देते ते मुख्यतः तियात्रात. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या नाट्यप्रकारात कांतारे, म्हणजे गाणी, लागतात, आणि कांताराला जिवंत बँड लागतो: ट्रंपेट, सॅक्सोफोन, कीबोर्ड, बास, ड्रम. प्रेक्षक चढ्या आवाजात दाद देतात, वन्स मोअर मागतात, आणि बँडला तयारच राहावे लागते. सामान्य तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाने सांभाळलेली ही परंपरा आहे. उच्चभ्रूंनी तिला रंजन म्हणून नाक मुरडले, आणि वादकांना काम मात्र तिनेच दिले.

म्हणून संगीताच्या वर्गात ‘तू कलावंत होणार की करमणूक करणारा’ असा प्रश्न मुलाला घालू नये. त्याला दोन्ही शिकवावे. राग शिकवताना समोरची सभा वाचायलाही शिकवावे, माइकवर चार वाक्ये बोलायला शिकवावे, करार वाचायला आणि आपला दर सांगायला शिकवावे. श्रोता हा त्याच्या विद्येवरचा डाग नाही, तिचा पोशिंदा आहे. आणि पोशिंद्याचेही कर्तव्य असते.

ते कर्तव्य बजावायला दर दिवाळीत संधी असते. गावोगाव दिवाळी पहाट होते. फलकावर गायकाचे छायाचित्र मोठे असते आणि ‘साथसंगत’ या शब्दाखाली चार नावे चष्मा लावून वाचावी लागतात; पुष्कळ ठिकाणी तीही नसतात. वादकांची ओळख शेवटच्या भैरवीआधी, लोक चपला शोधू लागले असताना, घाईने उरकली जाते. हे बदलायला सरकार लागत नाही. संयोजकांनी वादकांची नावे गायकाच्या जोडीने छापावीत, ओळख पहिल्या गाण्याआधी करून द्यावी, रिहर्सलचे पैसे वेगळे धरावेत आणि रक्कम आधी लिहून द्यावी. कार्यक्रमाचे चित्रण पुढे विकले किंवा प्रसारित केले, तर त्यातला वाटा कोणाला किती, हेही त्याच कागदावर असावे. आणि आपण तिकीट काढणाऱ्यांनी, नाव दिसले नाही तर संयोजकाला ते मोठ्याने विचारावे. तबला कोणाचा, व्हायोलिन कोणाचे, हे विचारणारा प्रेक्षक वाढला, की वाजवणाऱ्याची किंमत आपोआप वाढते. थिरकवाँची किंमत त्या प्रेक्षकाने ठरवली होती. तो प्रेक्षक आपणच होतो, आणि पुन्हा होऊ शकतो.